इथं साखर मिळत नाही

सांताक्रूझच्या विमानतळावरची ती लाल खुर्ची इतकी गुळगुळीत होती की हदासा नीट बसली की घसरायची, आणि घसरली की मांडीवरचा पितळी डबा दोन्ही हातांनी आवळून धरायची. जसं काही विमान चुकलं तरी चालेल, डबा पडता कामा नये.

डबा तिचा नव्हताच. जनीचा होता. आणि जनी काचेच्या पलीकडे उभी होती.

ही जनी कोण, ते आधी सांगायला हवं. पनवेलात राफेल जासईकरांच्या परसाला लागून तुळशीरामचं घर. मधे कमरेएवढा दगडी गडगा. तुळशीरामची बायको जनी, आगऱ्यांची. राफेलची बायको हदासा, शनवार तेल्यांची, म्हणजे शनवारी घाणा बंद ठेवणाऱ्या यहुद्यांची. आता तेल कोण गाळतंय? राफेल भाताच्या गिरणीत कारकून होता. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

थोरल्या मझलच्या बाळंतपणात हदासाला विषमज्वर झाला. अंगात दूध नाही, डोळ्यांत ओळख नाही. जनीची वेणू तेव्हा अंगावर पीत होती. जनीनं गडग्यावरून हात लांब केले नि म्हणाली, "दे ती पोर हिकडं. एकीला पुरतंय त्यात दोघी पितील." पोर गेली तिकडे, आणि तिकडून ह्या पितळी डब्यातून पेज यायला लागली. डबा जनीच्या माहेरचा, जासईचा. झाकणावर ठोक्याठोक्यांनी तिच्या बापाचं नाव काढलेलं.

हदासा उठून बसायला लागली तेव्हा तिनं पहिलं काम काय केलं, तर डबा घासला आणि परत देताना त्यात मूठभर साखर घातली. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं. जनीला जनीच्या आईनं. झालं, तेव्हापासून डबा सुटला. साखरेवर वालाच्या शेंगा आल्या, शेंगांवर चिकाचा हलवा गेला, हलव्यावर तांदळाची बोरं आली. कोणाचा डबा ते कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. आज पाळी कोणाची, एवढंच.

एकदाच फक्त तो रिकामा गेला. राफेलची आई गेली तेव्हा. मयताच्या घरी शेजारणीनं जेवण आणायचं आणि त्या घरानं भांडं तसंच द्यायचं, त्यात दाणासुद्धा घालायचा नाही. आमच्यातलं माणूस संपलं, असा त्याचा अर्थ. तो रिकामा डबा हातात घेताना जनी रडली होती. म्हणाली होती, "पुना असा नको धाडू गं बाय, हात पोळतात."

आणि मग दोन पावसाळ्यांमागे डबा थांबला.

त्याला कारण हदासाची जीभ. चालली म्हणून नाही, चालली नाही म्हणून. इस्राएलला जायचे कागद राफेलनं भरले आणि हदासानं घरात सगळ्यांना शपथ घातली, पक्कं होईपर्यंत आळीत ब्र काढायचा नाही. दृष्ट लागते. मझलनं शाळा सोडली तेव्हा आळीला सांगितलं की पोरीचं डोकं दुखतं. जनीलासुद्धा तेच. जनीनं बिचारीनं कसलासा पाला वाटून धाडला डोक्याला लावायला. डब्यातूनच.

आणि एक दिवस पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला. तो घरच्यांना कशाला विचारेल, तो शेजारीच विचारणार. जनी ओटीवर तांदूळ पाखडत होती.

"ही बाजूची माणसं कशी काय आहेत?"

"का बरं?"

"देश सोडून चाललीत ना. वागणूक लिहायची असते."

जनीचं सूप थांबलं. मग म्हणाली, "लय चांगली हायत. कोनाला काय सांगत नाय, का काय नाय. लिवा तसं."

त्या दिवसापासून जनी बोलायची थांबली. डबा तिच्याकडेच राहिला. हदासा परसात आली की जनी आत जायची. निघायच्या आदल्या दिवशी मलिदा केला, खोबरं घातलेले गोड पोहे, वर फळं, एलियाहू नबीचं नाव घेऊन. सगळी आळी जेवून गेली, जनी आली नाही. हदासानं तिच्या वाटणीचं काढून ठेवलं, पण धाडलं नाही. "यायचं तर येईल. मीच का गडगा ओलांडू?" रागाला हदासा काही कमी नव्हती. सकाळी ते धाकट्या सॅमनं खाल्लं.

गिरणीच्या मालकानं ट्रक दिला होता. आळी चढली, ट्रक सुटणार, तेवढ्यात जनी आली, वेणूला घेऊन मागच्या फळीवर चढली आणि तोंड फिरवून बसली. पदराखाली काहीतरी धरलेलं. मुंब्रा गेलं, ठाणं गेलं, एक शब्द नाही.

विमानतळावर बिनतिकिटाच्या माणसांना एका फाटकापर्यंतच सोडतात. तिथं ही रडारड, ह्याचा हात तिच्या गळ्यात, तिची वेणी ह्याच्या बटणात, आणि शिपाई मागून "चलो, चलो" करतोय. हदासानं आत पाय टाकला न टाकला तोच माणसांच्या बगलेतून एक हात पुढे आला. काळा, हिरव्या बांगड्यांचा. हातात डबा.

"ने," जनी म्हणाली. "वाटंत पोरांना."

दोन पावसाळ्यांनंतर एवढंच. हदासानं डबा घेतला, बोलायला तोंड उघडलं, आणि फाटक लागलं.

तर असा तो डबा आत आला.

"आई, उघड ना," सॅम म्हणाला. हे आठ वर्षांचं कार्टं. विमानवाल्यांनी चहाबरोबर बिस्किटं वाटली होती, ती ह्यानं आपली, मझलची, बाबांची, सगळ्यांची संपवली होती.

हदासानं कडी काढली. तांदळाच्या भाकऱ्या. अजून कोमट. वर केळीच्या पानात लसणीची चटणी. सुकट नाही, जवळा नाही. हदासाच्या घरात बिनखवल्याचं चालत नाही, हे जनी एवढ्या रागातसुद्धा विसरली नव्हती.

हदासानं वर बघितलं. समोर अख्खी भिंत काचेची. पलीकडे सगळं पनवेल नाकं चेपून उभं होतं. त्यांच्या मागे, जरा बाजूला, जनी. एक हात कमरेवर, मान थोडी वाकडी. गडग्याशी उभी राहायची ना, डबा परत यायची वाट बघत, हुबेहूब तशी.

"अगो बाई," हदासा म्हणाली. "ही थांबलीये."

"कशाला?" मझलनं विचारलं.

"डब्याला."

"आई, आता डबा कसा देणार? फाटक लागलंय."

"द्यायला हवा. भरून द्यायला हवा. भरून गेला की समजेल तिला, आमचं काही संपलेलं नाही म्हणून. मी तोंडानं बोलले नाही, आता हा बोलेल." तिनं पिशवी उलटी केली. औषधाची बाटली, कंगवा, कागदांचं पाकीट, सॅमची टोपी. खाण्याचं काही म्हणजे काही नाही. कालपर्यंत घरात डबे होते, बरण्या होत्या, सगळं वाटून टाकलेलं. सामान तर केव्हाच विमानाच्या पोटात गेलं.

"रुमाल टाक ना एखादा," मझल म्हणाली.

"डब्यात खायचं घालतात. चिंध्या नाही घालत."

"मग एक भाकरीच ठेव त्यातली."

"तिचीच भाकर तिला? मग थोबाडीतच मार ना."

आईची ही डब्याची रीत मझलला पाठ होती, आणि त्या रीतीत कुठं फट नव्हती.

हदासा उठून चहाच्या टेबलाशी गेली. म्हटलं, साखर असेल. पण चहा किटलीतच गोड करून आणलेला. पांढऱ्या डगल्यातला पोऱ्या म्हणाला, "शक्कर अंदर है, माँजी," आणि किटली हलवून दाखवली.

मग तिला दुकान दिसलं.

कोपऱ्यात होतं. दुकान कसलं, देव्हारा होता. काचेची कपाटं, आत दिवे. हस्तिदंती हत्ती लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत. चंदनाचे पंखे. मोरपिसं. अत्तराच्या बाटल्या, एवढ्याशा, कानातल्या डुलासारख्या. सिगारेटच्या पाकिटांचे गठ्ठेच्या गठ्ठे. एक गोरी बाई पंखा उघडत होती, मिटत होती, उघडत होती. घ्यायचा होता म्हणून नाही, वेळ जात नव्हता म्हणून. पनवेलच्या बाजारात एवढा वेळ पंखा हाताळला असता तर बाईला दुकानदारानं वाराच घालायला बसवलं असतं.

गल्ल्यावर टाय लावलेला एक पोरगेला माणूस. हदासानं डबा काउंटरवर ठेवला. ठण्ण झालं. गोऱ्या बाईचा पंखा मिटला.

"मूठभर साखर द्या," हदासा म्हणाली.

टायवाला तिच्याकडे बघतच राहिला. मग इकडे तिकडे बघून हळूच मराठीत म्हणाला, "बाई, इथं साखर मिळत नाही. इथं हत्ती मिळतो."

"हत्ती काय करू? गूळ?"

"नाही हो."

"शेंगदाणे? खारका? काहीतरी खायचं असेल ना एवढ्या मोठ्या दुकानात!"

"खायचं म्हणजे..." त्यानं खालच्या कपाटातून पत्र्याचा एक डबा काढला. त्यावर हॅट घातलेली बाई आणि कुत्रा. "ह्या गोळ्या आहेत. विलायती. पण पैसे तिकडचे लागतात. रुपये नाही घेत आम्ही. पौंड, डॉलर असं काहीतरी."

"मग आपल्या माणसांनी इथं काय घ्यायचं?"

"आपली माणसं इथं बघतात," टायवाला म्हणाला. "मी रोज बघतो." मग जरा ओशाळून पुटपुटला, "मी गिरगावातला. मला कळतंय तुमचं. पण माल माझा नाही ना बाई."

तिकडचे पैसे होते. राफेलच्या आतल्या खिशात, पाकिटात, त्यातल्या पाकिटात घडी करून. सरकार नेऊ देतं तेवढे. रुपये तर फाटकाशीच मेव्हण्याच्या हातात कोंबले होते. हदासा परत आली तेव्हा राफेल कागद तिसऱ्यांदा तपासत होता. आयुष्यभर दुसऱ्याची पोती मोजलेला माणूस, त्याला कागद हातात असला की बरं वाटायचं.

"मला त्यातली एक नोट द्या."

"कशाला?"

"डबा भरायला."

राफेलनं आधी डब्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "वेड लागलंय का? तिथं उतरल्यावर कोण आहे आपलं? तिकडचं काही ठाऊक नाही. ह्या पोराला दूध लागलं तर मी काय डबा दाखवू दुधवाल्याला?"

"राफेल, ती उभी आहे तिथं."

"तिला समजतं. शहाणी बाई आहे."

"समजतं म्हणूनच म्हणते ना!"

"हळू बोल. लोक बघतात."

"बघू देत! आयुष्यभर लोक बघतात म्हणून गप्प बसले, त्याचंच हे झालंय सगळं!"

राफेलनं मान खाली घातली आणि पुन्हा कागद उलटला. हे त्याचं ठरलेलं. त्याच्यापुढे डोकं आपटलं तरी कागदच उलटायचा.

तेव्हा मझल उठली. पोरगी रागानं लाल झाली होती. "बाबा, दुधाचं म्हणताय ना? सॅमला लागलं तर दूध. मला लागलं तेव्हा कोणी दिलं?" तिनं काचेकडे बोट केलं. "तिच्याकडे कोणी पाकीट धरून बसलं नव्हतं."

राफेलनं पाकीट काढलं, त्यातलं पाकीट काढलं, आणि एक नोट मझलच्या हातावर ठेवली. हात मागे घेताना जरा रेंगाळला, पण घेतला.

टायवाल्यानं पासपोर्ट बघितला, काहीतरी खरडलं, शिक्का मारला आणि पत्र्याचा डबा कागदी पिशवीत घालून तोंडाला चिकटपट्टी लावली. "विमानातच उघडा हं, बाई."

"बरं," म्हणून हदासानं पिशवी तिथंच फाडली. विकत घेतलं ते आपलं, आपण ते कोणाला द्यायचं ते आपण बघू. बाजाराचा एवढाच कायदा तिला माहीत होता. टायवाला "अहो, अहो" म्हणेस्तोवर गोरी बाई पंखा घेऊन पुढे झाली, आज पहिल्यांदा खरंच घ्यायचा म्हणत होती, आणि तो तिकडे वळला.

हदासानं भाकऱ्या पदरात बांधल्या. चटणीचं पान वर ठेवलं. डबा पदरानं पुसला, आणि पत्र्यातल्या गोळ्या पितळेत ओतल्या. लाल, हिरवे, सोनेरी चकचकीत कागद. नुसता खळखळाट. डबा गळ्यापर्यंत भरला. एवढं भारी त्यात कधी काही पडलंच नव्हतं. हदासाला वाटलं, वेणू कागद साठवून ठेवील, जनी एक गोळी तोंडात टाकील, थू म्हणेल, आणि मग हसेल. तिनं काचेकडे बघून डबा वर उचलला, झाकण लावायच्या आधी, जनीला दिसावा म्हणून. पण मधे कोणाची तरी पोरं आली, काचेवर उन्हाची तिरीप होती, आणि जनी डोळ्यांवर हात धरून बघत होती. दिसलं की नाही कोण जाणे.

कर्ण्यातून इंग्रजी सुरू झालं. माणसं उठायला लागली. हदासा फाटकाकडे पळाली, मागून मझल, मागून सॅमला ओढत राफेल.

फाटकाशी पांढऱ्या कपड्यांतला साहेब होता. माणूस वाईट नव्हता हो. त्यानं डोक्यावरची टोपी मागे सारली, सगळं ऐकून घेतलं. राफेलनं हिंदीत सांगितलं, की शेजारीण बाहेर आहे, डबा तिचा आहे, तेवढा हमालाबरोबर धाडायचा.

"क्या है अंदर?"

हदासानं झाकण काढून दाखवलं. साहेबाचा चेहराच बदलला.

"ये तो दुकान का माल है। ये बाहर नहीं जाएगा।"

"का नाही? पैसे दिलेत!"

राफेलनं विचारलं, साहेबानं सांगितलं, राफेलनं हदासाला सांगितलं. ह्या दुकानातल्या मालावर जकात नसते. म्हणून तो विमानातच जातो. परत गावात न्यायचा तर ती चोरी. एक गोळीसुद्धा नाही.

"सॅमनं एक खाऊन बाहेर थुंकली तर?" मझल फणकारली. राफेलनं तिला कोपर मारलं.

हदासानं साहेबापुढे हात जोडले. आयुष्यात हवालदारापुढे जोडले नव्हते. "साहेब, शेजारधर्म आहे. एवढंच जाऊ दे. तुमच्याही घरी आई असेल, भांडं रिकामं देत नसेल ती."

साहेबाला मराठी किती कळलं देव जाणे, पण जोडलेले हात कळले. तो विरघळला. आणि माणूस विरघळला की कधी कधी नुसता कडक असतो त्याच्यापेक्षा जास्त नुकसान करतो. तो म्हणाला, "ठीक है, माँजी। बर्तन उसका है न? बर्तन जाने दो। खाली करके।"

"काय म्हणाला?" हदासानं विचारलं.

"डबा देतो म्हणतो," राफेलचा चेहरा खुलला. "गोळ्या काढून."

"नको!" हदासानं डबा छातीशी धरला. आणि त्या क्षणी तिला लख्ख कळलं, की द्यायलाच नको होता. डबा आपल्याकडे राहिला तर पाळी आपली. तिकडे न्यावा, फळीवर ठेवावा. पाळी फिटेपर्यंत जनी आपली नि आपण जनीचे. एवढी सोपी गोष्ट, आणि आपण साखरेच्या मागे धावत सुटलो! "नको, राफेल. मी नेते बरोबर. नाही द्यायचा."

"अगं, तिच्या माहेरचा डबा. बापाचं नाव आहे त्यावर. घेऊन पळाले म्हणेल ती." तिकडे कर्णा ओरडत होता, मागची माणसं ढकलत होती, साहेब हात पुढे करून उभा होता. राफेलला दोन्हीकडून घाई. आणि त्यानं, ज्यानं उभ्या जन्मात कोणाची वस्तू ठेवून घेतली नाही, त्यानं डबा तिच्या हातातून सोडवला, सॅमच्या टोपीत उपडा केला, आणि साहेबाच्या हातात दिला. साहेबानं हमालाच्या. किती वेळ लागतो अशा कामाला? कडी लागल्याचासुद्धा आवाज झाला नाही.

"तिला सांगा!" हदासा ओरडली. "आम्ही भरला होता म्हणावं! काढायला लावला म्हणावं!"

"हां, हां, बोल देगा," साहेब म्हणाला.

हदासा उलटी फिरून काचेशी गेली. हमाल पलीकडे निघाला होता, डबा एका बोटावर झुलवत. गर्दीत शिरला. विचारत विचारत जनीपाशी गेला. जनीच्या कमरेवरचा हात खाली आला. तिनं दोन्ही हातांनी डबा घेतला, आणि खरं सांगायचं तर, ती हसली. दोन पावसाळ्यांत हदासानं ते हसू बघितलं नव्हतं. पुढचे दोन दात किडलेले, ते झाकायला ओठ मुडपून हसायची ती, तसंच.

हमालाचं तोंड हललं. एवढंसं. दोन शब्द मावतील न मावतील एवढं. मग तो वळला, त्याला दुसरं ओझं दिसलं होतं.

जनीनं कडी काढली.

हदासा काचेवर हात आपटत होती. "भरला होता! जने, भरला होता गं!" जाड काच. पलीकडे पनवेलकरांना वाटलं निरोप घेतेय, तेही हात हलवायला लागले, जोरजोरात, हसत, रडत. मझलनं टोपीतल्या मूठभर गोळ्या काचेला लावल्या, मग डब्याचा आकार हातानं केला, मग साहेबाकडे बोट केलं, मग कपाळावर हात मारला. वेणूनं ते बघितलं. तिला काय कळलं? तिनंही कपाळाला हात लावला. मझलचं डोकं दुखतंय, असं काहीतरी समजली असेल.

जनीनं डब्यात बघितलं. मग हात घातला, मनगटापर्यंत, आणि बुडाशी फिरवला. मापाच्या तळाशी राहिलेले चार दाणे चाचपतात तसा. हात बाहेर काढला. बोटांकडे बघितलं. आणि झाकण लावलं.

तिनं वर बघितलंच नाही. बघितलं असतं तर काय दिसलं असतं म्हणा. काचेवर हात हलवणारी एक बाई.

"चला, चला," राफेल म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता. बायकोचा चेहरा बघून त्याला काहीतरी कळलं होतं, नेमकं काय ते नाही. "हदासा, मी काय वाईट केलं? डबा तर दिला ना तिला."

हदासा चालायला लागली. दारातून बाहेर पडताना तिचा हात सवयीनं उजवीकडच्या चौकटीला गेला. घरी तिथं मझुझा असायचा, देवाचं वचन घातलेली नळी, जाता-येता हात लावायची. इथं नुसतं गार लोखंड. तरी तिनं बोटं ओठांना लावली. लसणीचा वास आला.

विमानात गोऱ्या साडीतली, म्हणजे साडी निळी, बाई गोरी, अशी एक हसरी पोरगी आली. हातात ट्रे. ट्रेमध्ये गोळ्या. लाल, हिरव्या, सोनेरी कागदांच्या. त्याच.

"घ्या, विमान वर जाताना कान बंद होतात," ती म्हणाली. "पाहिजे तेवढ्या घ्या. फुकट असतात."

सॅमनं दोन्ही मुठी भरल्या. मझलनं आधी ट्रेकडे बघितलं, मग आईकडे, आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

"बाई, तुम्हाला?"

"मला नको," हदासा म्हणाली. "माझी भाकर आहे."

तिनं पदराची गाठ सोडली. कडा वाळायला लागल्या होत्या, मधे अजून मऊ होती. तुकडा तोडला, चटणीला लावला. पलीकडच्या रांगेतल्या बाईनं नाकाला रुमाल लावला. एरवी हदासानं तिला तिथल्या तिथं सुनावलं असतं. आता तिनं नुसता पुढचा तुकडा तोडला.

विमान वळलं. खिडकीत विमानतळाची गच्ची आली, कठड्याशी माणसांची रांग. लुगडी, टोप्या, रुमाल, कोण कुठलं काही कळेना. "ती बघ, ती बघ वेणू," मझल म्हणाली, पण तिलाही खात्री नव्हती. रांगेच्या टोकाला उन्हात काहीतरी पिवळं चमकलं. डबाच असणार. छातीशी धरलेला की नुसता हातात लोंबता, उघडा की झाकलेला, ते काही इतक्या लांबून दिसत नव्हतं.